१४ खोके गावाला: रिडेव्हलपमेंटमुळे छोट्या घरात गेलेल्या एका कुटुंबाची केस

आधीच सांगते, आम्ही साधं राहायचं वगैरे काही ठरवलेलं नव्हतं. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली म्हणून घर सोडावं लागलं आणि बिल्डर देणार होता त्या भाड्यात आम्हाला हव्या त्या भागात एवढुसंच घर मिळत होतं, म्हणून त्यात राहायला लागलो, बस. पण आता ३ वर्षं होत आली, नवीन घराचा ताबा जवळ आलाय आणि ज्यांची बिल्डिंग आत्ता रिकामी होतेय अशा ४-५ जणींनी मला विचारलं की बाई तुम्ही चौघं वन बीएचकेमधे कसे काय राहिलात. प्रत्येकीला फोनवर अर्धं अर्धं सांगून कंटाळा आला, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय, जमलं ते पण आणि फसलं ते पण.

घर कसं होतं

ठाण्यात नौपाड्यात तळमजला अधिक ३ अशी जुनी बिल्डिंग, लिफ्ट नाही, आम्ही तिसऱ्या मजल्यावर. कारपेट ६१० फूट, टू बीएचके. माणसं चार: सासूबाई (तेव्हा ७६, आम्ही सगळे त्यांना आई म्हणतो), नवरा, मी आणि नववीतली लेक. सासूबाई त्या घरात १९८१ पासून, म्हणजे ४१ वर्षांचा संसार, त्यात माझा १७ वर्षांचा. हॉलवर माळा, दोन्ही बेडरूमवर माळा, स्वयंपाकघरात माळा, आणि बाथरूमवर सुद्धा एक पोटमाळा ज्याच्यात काय आहे ते सासरे गेल्यापासून कोणी बघितलंच नव्हतं.

सोसायटीत १० वर्षं नुसत्या मीटिंगा चालल्या होत्या. ४ जुलै २०१९ ला सरकारने रिडेव्हलपमेंटसाठी सहकारी संस्था कायद्यातल्या कलम ७९अ ची नवीन नियमावली काढली आणि संमतीची अट ५१ टक्क्यांवर आली, मग एकदम गाडी सुटली. नाहीतर आमच्याकडे दोन-तीन जण असे होते की त्यांनी आयुष्यभर अडवून धरलं असतं. नोव्हेंबर २०२२ मधे, दिवाळी झाली की लगेच, घरं रिकामी करायची असं ठरलं.

आता भाड्याचं गणित बघा. बिल्डर तुमच्या जुन्या फुटांवर भाडं देतो, शिफ्टिंगचा खर्च आणि दलाली वेगळी. पण नौपाड्यात एकाच वेळी इतक्या बिल्डिंगी पाडायला काढलेल्या की सगळेच त्याच चार गल्ल्यांमधे घर शोधत होते आणि भाडी वर गेलेली. तेवढ्याच पैशात घोडबंदर रोडला मस्त टू बीएचके मिळत होता, लिफ्ट, जिम, खाली बाग. नवऱ्याचं मन तिकडे होतं. मी म्हटलं तिथून स्टेशनला यायला ट्रॅफिकमधे तास जातो, लेकीची शाळा इकडे, आईंचे डॉक्टर इकडे, तलावपाळी इकडे, गडकरी रंगायतन चालत, आणि मला रोज सकाळी लोकल पकडायचीय. दोन आठवडे भांडण झालं खरं सांगायचं तर. शेवटी आई म्हणाल्या, "मी जिम करणार आहे का?" आणि विषय संपला.

मग जुन्या घरापासून ८ मिनिटांवर पहिल्या मजल्यावर ३७० फुटांचं घर घेतलं. एक बेडरूम, एक हॉल, एकच बाथरूम, पार्किंग नाही, आणि मालकाची अट की भिंतीला भोकं पाडायची नाहीत.

एका महिन्यात ४१ वर्षं आवरली

६१० मधून ३७० मधे जाताना माळ्यांसकट मोजलं तर सामान निम्म्याहून कमी करायला लागणार होतं. मी एक्सेल शीट केली, खोल्यांचे रकाने, ठेवायचं, द्यायचं, मोडीत, गावाला. ती शीट चौथ्या दिवशी बंद पडली कारण प्रत्येक वस्तूवर चर्चा. लेकीने त्या जपानी बाईंचे आवराआवरीचे व्हिडिओ दाखवले, वस्तू हातात घ्यायची आणि ती आनंद देते का असं स्वतःला विचारायचं. आईंनी पोळपाट हातात घेतला, नीट बघितला आणि म्हणाल्या, "हा आनंद कशाला देईल, हा पोळ्या देतो."

मला तेव्हा हसू आलं पण नंतर वाटलं की बरोबरच आहे, आमच्या घरात वस्तू ठेवायची कारणंच वेगळी असतात. लागेल कधीतरी, हे एक. कोणीतरी दिलंय, हे दुसरं. आणि तिसरं म्हणजे चांगलं आहे अजून, चांगली वस्तू टाकायची नाही. ही तिन्ही कारणं खोटी नाहीत. तरीपण मोजल्यावर निघालं काय, तर चाळण्या ७, सांडश्या ५, बिनडब्याची झाकणं ३८ (अडतीस! मी दोनदा मोजली), बंद पडलेले मोबाइल ७, लग्नाच्या पत्रिकांचा एक अख्खा गठ्ठा कारण मागची बाजू कोरी असते, आणि आइस्क्रीमचे रिकामे डबे किती ते मोजलेच नाहीत.

सोपं होतं ते पटापट गेलं. रद्दी, लोखंड, जुनी गाद्यांची कपाटं भंगारवाल्याने नेली. मोबाइल आणि जुना टीव्ही ई-कचऱ्यात दिला. पुस्तकं ४ खोके निघाली, त्यातली शाळेची बाजूला काढून कामवाल्या ताईंच्या मुलांना दिली, बाकी थोडी ठेवली. आणि ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाची मेंबरशिप, जी सासऱ्यांच्या वेळेला होती, ती परत चालू केली. १८९३ ची संस्था आहे ती, आपल्याला हवी ती ९० टक्के पुस्तकं तिथे असतात आणि तरी आपण विकत घेऊन माळ्यावर टाकतो.

साड्यांचं मात्र वेगळं झालं. बोहारणीला बोलावलं, आईंना वाटलं की ७ साड्यांवर एक मोठं पातेलं मिळेल. ती म्हणाली, आता भांडी घ्यायला कोणी बघत नाही मावशी, तुम्हीच साड्या तशाच द्या. आईंना ते फार लागलं. जुन्या जरीवाल्या दोन साड्या जरीची खरेदी करणाऱ्याकडे दिल्या, त्याचे पैसे बरे आले. सुती मऊ साड्यांच्या गोधड्या करून घेतल्या, तीन. त्या तीन गोधड्या आज आमच्या घरातल्या सगळ्यात जास्त वापरल्या जाणाऱ्या वस्तू आहेत, एसीत तर हव्याच.

नाव घातलेली भांडी

इथे अडलं. म्हणजे इतकं अडलं की शिफ्टिंग ५ दिवस पुढे ढकलायला लागलं.

ज्यांच्या घरात १९६०-७० ची भांडी आहेत त्यांना माहितीये, तेव्हा लग्नात, मुंजीत, डोहाळजेवणाला भांडं द्यायचं तर त्याच्यावर नाव घालून द्यायचे, कोणी दिलं, कोणाला, कशानिमित्त, तारीख. दुकानातच ते छोटं मशीन असायचं, टिकटिक करत ठिपक्याठिपक्यांनी अक्षरं काढायचं. आमच्याकडे अशी पितळेची, तांब्याची आणि स्टीलची मिळून शंभराच्या वर भांडी. वापरात किती, तर २०. बाकीची गोणपाटात बांधून माळ्यावर.

मी व्यवहारी बोलायला गेले, पितळ मोडीत घालू, पैसे येतील, त्यातून नवीन घराला ओव्हन घेऊ. आई काही बोलल्या नाहीत, जेवल्या नाहीत. नवरा म्हणाला, ठेव सगळी. मी म्हटलं कुठे ठेवू, तुझ्या डोक्यावर? असा एक दिवस गेला.

तोडगा लेकीने काढला आणि तो पण सहज, टाइमपास म्हणून. ती आजीजवळ बसली आणि एकेका भांड्यावरचं नाव वाचायला लागली. आजी, ह्या कोण? मग आजी सांगणार, ही माझी आतेबहीण, हिने स्वतःच्या पगारातून पहिलं भांडं मला दिलं, हिचा नवरा रेल्वेत होता. ती लिहीत गेली, एक जुनी दोनशेपानी वही होती शाळेची. ३ संध्याकाळी चाललं ते. काही नावं आईंना पण आठवेनात. एका तांब्यावर नुसतंच "वहिनीस" एवढं होतं, कोणाची वहिनी, कोण दीर, काही पत्ता लागला नाही, तो तांब्या मात्र त्यांनी ठेवला.

चौथ्या दिवशी आई स्वतःहून म्हणाल्या, आता ही गेली तरी चालतील. सगळी नाही गेली. २३ ठेवली, मोठी हंडी-घंगाळं गावाला, आणि बाकीची मोडीत. मोडवाल्याने वजन करताना आई आत जाऊन बसल्या. वही आहे अजून, फ्रिजवर असते. म्हणजे त्यांना भांडं नको होतं, त्या माणसांची कुठेतरी नोंद हवी होती, आणि हे माझ्या एक्सेल शीटमधे कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं. ज्यांच्या घरी म्हातारं माणूस आहे त्यांनी एवढा एक भाग तरी घाई न करता करा. त्या ५ दिवसांचं टेम्पोवाल्याला जास्तीचं द्यावं लागलं पण ठीक आहे.

शेवटी ५२ खोके झाले. ३८ नवीन घरात आणि १४ पोलादपूरजवळ गावाच्या घरी, दीर असतात तिथे. प्रत्येकावर नंबर टाकला आणि आत काय आहे त्याची यादी मोबाइलमधे केली. तो मोबाइल जानेवारीत पाण्यात पडला. बॅकअप? नाही.

पहिले ६ महिने, खरं सांगायचं तर

वाईट गेले. चार माणसं, एक बाथरूम, सकाळी साडेपाच ते साडेआठ. गिझर छोटा म्हणून शॉवर बंद, बादली-तांब्या चालू. शॉवरखाली मिनिटाला ८-१० लिटर पाणी जातं आणि आमची बादली १८ लिटरची, त्यामुळे दहा मिनिटं शॉवर घेणाऱ्या लेकीचं रोजचं पाणी एकदम पाचपट कमी झालं, पण तिला काही पर्यावरणाचं प्रेम वगैरे आलं नव्हतं, ती रोज चिडायची. सवय लागायला दोन महिने गेले. आता तिला विचारलं तर म्हणते, शॉवरने अंघोळ झाल्यासारखीच वाटत नाही.

जून २०२३ चा पाऊस सुरू झाला तेव्हा अजून कळलं. ३७० फुटांत चार माणसांचे ओले कपडे. हॉलमधे दोरी बांधता येत नाही कारण भोकं नाहीत पाडायची, स्टँड उघडला की दारातून जायला जागा नाही. घरात कुबट वास, सगळ्यांची तोंडं वाकडी. त्या महिन्यात मी दोनदा घोडबंदरच्या घराच्या जाहिराती बघितल्या, नवऱ्याला सांगितलं नाही. उपाय काय केला, तर कपडे कमी केले. म्हणजे धुवायचे नाही, वापरातलेच. पावसाळ्यात जीन्स बंद, जाड टॉवेल बंद, पंचे आणले. पंचा दोन तासांत पंख्याखाली वाळतो. एवढी साधी गोष्ट, माझ्या माहेरी कोकणात सगळे पंचेच वापरायचे, आणि मी १७ वर्षं जाडजूड टॉवेल वाळवत बसले होते.

आणि एक चूक माझी. आवरायच्या झपाट्यात मी पुरणयंत्र देऊन टाकलं, वर्षातून दोनदा लागतं म्हणून. होळीला आईंनी विचारलं, मी गप्प. शेजारणीकडून मागून आणलं, तिचं बिघडलेलं निघालं, शेवटी पाट्यावर वाटायचं तर पाटा गावाला, मग मिक्सरमधे फिरवलं आणि त्या पुरणाबद्दल मी जास्त बोलत नाही. पुढच्या आठवड्यात नवीन आणलं. टाकलेल्यातल्या एकूण ६ गोष्टी आम्ही परत विकत घेतल्या. कमीच म्हणायच्या, पण आईंच्या हातात ते एक शस्त्र कायमचं आलं, मी काही टाकायला काढलं की त्या फक्त "पुरणयंत्र" एवढंच म्हणतात.

धान्याची कोठी पण गेली. आमच्याकडे एप्रिल-मेमधे वर्षाचं भरायची पद्धत. गहू गच्चीवर ऊन देऊन, कोठीत पारदाच्या गोळ्या नाहीतर कडुनिंबाचा पाला, तूरडाळीला एरंडेल चोळायचं, वाडा कोलम दोन पोती. दोन दिवस कंबर मोडायची. आता वाण्याकडून महिन्याचं येतं. ह्यात पैसे थोडे जास्तच जातात, साधेपणाने सगळं स्वस्तच होतं असं नाही, पण किडे निवडत बसायचे ऑक्टोबरचे रविवार वाचले. हे मला फार आधी करायला हवं होतं, आईंनी करू दिलं नसतं.

पाणी शुद्ध करायचं आरओचं मशीन लावायला जागा नव्हती, म्हणून चौकशी केली. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, ५०० च्या खाली असेल तर आरओची गरजच नसते म्हणे, आणि मीटरने बघितलं तर नळाच्या पाण्याचा ७० च्या आसपास. म्हणजे आम्ही ८ वर्षं एक लिटर पाण्यामागे दोन-तीन लिटर मोरीत सोडत होतो ते का, तर एका सेल्समनने घरी येऊन दोन तारा पाण्यात घालून पाणी पिवळं करून दाखवलं होतं. आता साधा फिल्टर आहे, पावसाळ्यात उकळून घेतो.

गाडी

सगळ्यात मोठं भांडण गाडीचं. पार्किंग नाही, रस्त्यावर लावायची, एकदा उचलून नेली, एकदा आरसा फोडला कोणीतरी. नवऱ्याने हिशोब केला (मी नाही, त्यानेच), वर्षाला जेमतेम ५ हजार किलोमीटर फिरते, आणि इन्शुरन्स, सर्व्हिसिंग, पेट्रोल धरून महिन्याला ९ हजारांच्या आसपास जातात, घसारा वेगळा. मार्च २०२३ मधे विकली. त्या दिवशी तो संध्याकाळभर बाल्कनीत उभा होता.

नेमक्या त्याच महिन्यात एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं, १७ मार्चपासून. ७५ च्या वरच्यांना आदल्या वर्षीच्या ऑगस्टपासूनच फुकट. त्यामुळे गावाला जाताना आई फुकट, मी आणि लेक अर्ध्यात, आणि पूर्ण तिकीट फक्त ह्यांचं, कंडक्टर पण हसतो. एसटी दर वेळी चांगली असते असं मी म्हणणार नाही, एकदा इंदापूरच्या पुढे दोन तास बंद पडून उभे होतो. पण आधी गाडी असताना वर्षातून दोनदा गावाला जायचो, आता चार-पाचदा होतं, कारण ड्रायव्हिंग कोण करणार ह्यावरून रुसवेफुगवे नाहीत.

ठाण्यातल्या ठाण्यात रिक्षा. रात्री-अपरात्री दवाखान्यात जायची वेळ आली तर काय, ही भीती नवऱ्याच्या मनात अजून आहे आणि ती चुकीची नाही. नवीन बिल्डिंगमधे पार्किंग मिळणार आहे, तेव्हा परत गाडी घ्यायची की नाही हे ठरलेलं नाही.

वीजबिलावरून थोडं

जुन्या घरात दोन बेडरूम, दोन एसी. मे २०२२ चं बिल ४३६ युनिट. २०२३ च्या उन्हाळ्यात मालकाच्या अटीमुळे एसी लावलाच नाही, मे २०२३ ला १६८. पण तो उन्हाळा आम्ही कसा काढला ते विचारू नका, आईंना घामोळं, लेकीची दहावी सुरू झालेली, रात्री ३ वाजता सगळे जागे. हे मी साधेपणात धरणार नाही, ते नुसते हाल होते. एप्रिल २०२४ मधे मालकाला विनवून, डिपॉझिट वाढवून एक एसी बसवला बेडरूममधे, आणि मग चौघंही तिथेच, आई पलंगावर, आम्ही खाली गाद्या टाकून. मे २०२४ ला २४७ युनिट. महावितरणचा दर १०० युनिटच्या वर बदलतो तसा ३०० च्या वर पण बदलतो, वरच्या टप्प्यात गेलं की ते युनिट जास्त महाग, त्यामुळे बिल युनिटांपेक्षा जास्त उतरलं.

पंखे आमचे काढून आणले होते, २८ वॅटवाले. जुना पंखा ७५ चा असतो. दिवसाला १५ तास धरले तर एका पंख्यामागे महिन्याला २१ युनिट वाचतात. ह्यात कोणाला काही सोडावं लागत नाही, म्हणून हा बदल कोणाच्या लक्षात पण राहिला नाही.

एका खोलीत झोपायचं म्हटल्यावर लेक वैतागलेली, साहजिक आहे, पंधरा वर्षांच्या मुलीला दार लावून बसायला एक खोली हवीच. तिने अभ्यासाला अभ्यासिका लावली. पण उन्हाळ्यात रात्री दिवा बंद झाल्यावर आजी-नातीच्या गप्पा चालायच्या, आणि आम्ही दोघं खाली पडल्या पडल्या ऐकायचो. त्या वहीतली अर्धी माणसं मला तिथे कळली.

श्रेय कोणाला द्यायचं

नातेवाईक येतात आणि म्हणतात, आई किती बऱ्या दिसतायत, छोट्या घरात काम कमी म्हणून. खरंच त्या बऱ्या आहेत. गुडघे दुखतात तरी रोज सकाळी खाली उतरतात, जांभळी नाक्याला भाजी आणतात, रोजची रोज, कारण फ्रिज मालकाचा, १९० लिटरचा, त्यात आठवड्याची मावत नाही. भाजीवाल्या बायकांशी मैत्री, संध्याकाळी तलावपाळी. शिळं टाकून देणं जवळजवळ थांबलं, कारण झाकून मागे ढकलायला जागाच नाही.

पण मी नीट विचार केला तेव्हा जाणवलं, ह्यातलं बरंचसं मजल्याचं आहे. जुन्या घरी ५४ पायऱ्या होत्या, आई आठवड्यातून एकदा उतरायच्या, शेवटची दोन वर्षं तर फक्त डॉक्टरकडे. इथे १६ पायऱ्या आहेत. तेच सामान, तेच माळे घेऊन आम्ही पहिल्या मजल्यावर आलो असतो तरी आई खाली उतरल्याच असत्या. उलट हेच ३७० फुटांचं घर चौथ्या मजल्यावर लिफ्टशिवाय मिळालं असतं तर त्यांचा कोंडमारा झाला असता आणि मी आज असं काही लिहीत बसले नसते. म्हणून कोणी घर निवडत असाल तर फुटांच्या आधी पायऱ्या मोजा.

दुसरं म्हणजे काम. कमी सामान म्हणजे कमी काम असं सगळे म्हणतात, झाडू-पोछा, धूळ हे खरंच अर्ध्यावर आलं. पण रोज भाजी आणणं, रोज गाद्या घालणं-काढणं, जेवायच्या आधी हॉलमधलं आवरणं कारण तीच जेवायची जागा, कोणत्या मिनिटाला बाथरूम कोणाचं, हे सगळं नवीन काम आलं. सुरुवातीला ते सगळं माझ्या आणि आईंच्या अंगावर पडलं, आणि नवरा चारचौघांत सांगायचा, आम्ही आता मिनिमल राहतो. एकदा पाहुण्यांसमोरच म्हटलं, गाद्या तू घाल आणि मग राहा मिनिमल. त्याला राग आला, पण त्या दिवसापासून गाद्या त्याच्याकडे आहेत आणि सकाळी घड्या पण तोच घालतो.

आणि जे संकल्प म्हणून केलं त्यातलं जवळपास काही टिकलं नाही. "महिनाभर काही खरेदी नाही" हे तिसऱ्या आठवड्यात मोडलं, मीच मोडलं, सेल होता. एक वस्तू आणली की एक काढायची हा नियम कागदावर लिहून फ्रिजला लावला होता, तो कागद पडला तरी कोणी उचलला नाही. रविवारी मोबाइल बंद, हे तर एकच रविवार. टिकलं काय, तर बादली, पंचे, रोजची भाजी, महिन्याचं धान्य, एक एसी, लायब्ररी. ह्यात रोज उठून मनाला समजवायचं काही नव्हतं, दुसरी सोयच नव्हती. कापडी पिशवीचं पण तेच, २०१८ च्या प्लास्टिकबंदीनंतर आम्ही पिशव्या शिवून घेतल्या होत्या आणि चार वर्षं त्या कपाटात होत्या, रोज भाजीला जायला लागल्यावर दाराच्या कडीला अडकवल्या, तेव्हापासून वापरात.

म्हणून मला आता भीती वाटते ती ताब्याची. नवीन घर ७२० फुटांचं आहे, दोन बाथरूम, शॉवर, पार्किंग. सुताराने ड्रॉइंग पाठवलंय, त्यात सगळीकडे लॉफ्ट काढलेत, पॅसेजमधे सुद्धा. मी म्हटलं दोनच ठेव. तो म्हणाला मॅडम नंतर पस्तावाल, सगळे करतात. आईंना माळा हवाय, नवरा म्हणतो बघू, लेक आता बारावीला आहे, तिला फक्त तिच्या खोलीला कडी हवीय. माझ्या बाजूने मत कोणाचंच नाही, तिसरा लॉफ्ट बहुतेक होणार.

गावच्या १४ खोक्यांचं काय झालं ते सांगायचं राहिलं. ३ वर्षांत ५ उघडले, गौरी-गणपतीचं सामान, मोठ्या कढया, लोकरीचे कपडे, पाटा-वरवंटा आणि एक चुकून. ह्या पावसाळ्यात दिरांचा फोन आला, कौलातून पाणी गळलंय, ९ नंबरचा खोका एका बाजूने भिजलाय, उघडून वाळत घालू का, काय आहे त्यात? मी नवऱ्याला विचारलं, त्याने लेकीला, लेकीने आजीला. कोणालाच आठवेना. यादी पाण्यात गेलेली.

आईंनी फोन हातात घेतला आणि दिरांना म्हणाल्या, "उघडू नकोस रे बाबा, उघडलास की लागेल."

तो अजून तसाच आहे, वर ताडपत्री टाकलीय.